डाव्या बाजूचा आवाज

बायको गंगू गेली आणि वर्षभरात शिवरामनी अंबरनाथची खोली सोडली. मुलाकडे, बदलापूर पूर्वेला शिरगावात राहायला आले, तेव्हा टेम्पोत सामान फार नव्हतं. लोखंडी कपाट, पुस्तकांची दोन खोकी, चादरीत गुंडाळलेली बुद्धमूर्ती, एक अॅम्प्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर. स्पीकर जिन्याने वर चढवेपर्यंत ते हमालांच्या मागे मागे होते आणि प्रत्येक वळणाला "कोपरा सांभाळा" म्हणत होते.

शिवराम कारखान्यात टर्नर होते, एकतीस वर्षं लेथवर काम केलेला माणूस. त्र्याऐंशी साली त्यांनी उल्हासनगरहून स्पीकरचे आठ इंची कागदी कोन आणले होते आणि तिथल्याच कॅम्प चारमधल्या एका सुताराकडून सागवानी पेट्या करून घेतल्या होत्या. चाळीत सगळे मोठ्याने गाणी लावायचे, शिवराम हळू लावायचे. मुलगा बुद्धभूषण सहा-सात वर्षांचा असताना त्याला दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये बसवून ते विचारायचे, "डोळे मिट. आता सांग, तबला कुठंय?" भूषण हात करायचा. "आणि बासरी?" त्याचा हात दुसरीकडे जायचा. बरोबर आलं की शिवराम खूश व्हायचे.

आता भूषण अठ्ठेचाळीस वर्षांचा होता, एमआयडीसीतल्या औषध कंपनीत केमिस्ट. बायको मैत्रेयी नगरपालिकेच्या शाळेत शिकवायची. शिवरामना घरात सगळे दादा म्हणत. दादा आल्यापासून भूषण त्यांच्याशी बोलायचा ते गोळ्या घेतल्या का, जेवलात का, एवढंच. वाईटपणा काही नव्हता. बोलायला दुसरं काही सुचायचं नाही, इतकंच.

मार्चच्या एका संध्याकाळी तो कामावरून आला तर दादा अॅम्प्लिफायरपुढे वाकून बसले होते.

"काय झालं, दादा?"

"डावा स्पीकर बोलत नाही रे नीट. काल दुपारपासून. आवाज येतो, पण लांबून आल्यासारखा. आणि हम येतोय, बारीक गुणगुण."

भूषणने व्हॉल्यूमचं बटण फिरवलं. खरखर झाली. त्या अॅम्प्लिफायरचं बटण गेली कित्येक वर्षं खरखरत होतं आणि कधीमधी एक बाजू गप्पही व्हायची. त्याने स्पीकरजवळ कान नेला. आवाज ठीक वाटला.

"आत्ता येतोय की."

"मला नाही येत बरोबर," दादा म्हणाले. "आणि हा हम. बंद केला तरी बराच वेळ घुमत राहतो."

"आतले कपॅसिटर जुने झालेत. त्यांच्यात करंट साठलेला असतो, तो उतरायला वेळ लागतो," भूषण म्हणाला. त्याने हे कुठेतरी वाचलं होतं आणि ते बोलताना त्याला बरं वाटलं. "दादा, हा आता टाकूनच देऊ. नवीन घेऊ."

दादांनी बटण पुन्हा एकदा फिरवून पाहिलं. "नवीन म्हणजे किती जातील?"

"आठ-नऊ हजारांत बसवू. मी बघतो."

आणि तो खरंच बघायला लागला. जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या कँटीनमध्ये मोबाइलवर व्हिडिओ, संध्याकाळी आल्यावर दादांच्या शेजारी बसून तेच व्हिडिओ. एकात एक जण सांगायचा की तळहातावर मावणारा छोटा चिनी डबा घ्या, दोन हजारांत काम होतं. दुसरा म्हणायचा, जुन्या स्पीकरना जुनाच जपानी अॅम्प्लिफायर शोभतो, सेकंड हँड मिळाला तर सोडू नका. भूषणने वहीत दोन रकाने केले. दादा चष्मा लावून बघायचे.

"शंभर वॉट कशाला?" ते म्हणाले. "कागदी कोन आहेत. म्हातारे झालेत ते. पंचवीस-तीस पुष्कळ."

"पण दादा, कमी ताकदीचा घेतला आणि जास्त वाढवला तर आवाज फाटतो. त्यानेही स्पीकर जळतात म्हणे."

"मग वाढवायचा कशाला? आपण कधी वाढवला?"

दोघंही हसले. मैत्रेयी स्वयंपाकघरातून बघत होती. रात्री ती भूषणला म्हणाली, "किती दिवसांनी तुम्ही दोघं असे बसलात." भूषणलाही ते जाणवलं होतं. कामावरून घरी यायची त्याला ओढ लागली होती. दादा लेथवर स्पीकरची रिंग कशी कापली होती ते सांगत, ओहम म्हणजे काय ते पाण्याच्या नळाचा दाखला देऊन समजावत. या माणसाला इतकं ठाऊक आहे, हे भूषण जवळजवळ विसरून गेला होता.

दोन रविवार असेच गेले. तिसऱ्या रविवारी तो एकटाच स्कूटरवरून उल्हासनगरला गेला. दादाही निघाले होते, पण चपला घालताना त्यांचा तोल गेला. भिंतीला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "जरा गरगरतंय. तू जाऊन ये."

"ऊन लागलं असेल," भूषण म्हणाला. "पडून राहा."

कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यांच्या गल्लीत टेकचंदचं दुकान होतं. सत्तरीचा सिंधी माणूस, पुढ्यात सोल्डरिंग आयर्न, मागे छतापर्यंत जुनी यंत्रं. चंदेरी तोंडाचा एक जपानी अॅम्प्लिफायर भूषणला दारातूनच दिसला. पुढे दोन काचेच्या खिडक्या, आत हलणारे काटे. टेकचंदने तो चालू करून दाखवला. पिवळा उजेड लागला आणि काटे गाण्याबरोबर डुलायला लागले. भूषणचं तिथेच ठरलं.

"कितने वॉट?"

"पैंतीस. तुमच्या स्पीकरला एकदम बराबर." टेकचंद मराठी-हिंदी मिसळूनच बोलायचा. "लेकिन साईं, पुराने में प्रॉब्लेम क्या है?"

"डावी बाजू येत नाही. आणि हम आहे. बंद केल्यावरसुद्धा."

टेकचंदने आयर्न स्टँडवर ठेवलं. "बंद करने के बाद? कितनी देर?"

"दादा म्हणतात, बराच वेळ."

"बंद केल्यावर एक-दो सेकंद. जास्ती नाही." तो भूषणकडे बघत राहिला. "तुम एक काम करो. घरी जाऊन डावी वायर उजवीकडे लावा, उजवी डावीकडे. आवाज बाजू बदलला तर अॅम्प खराब. नाही बदलला तर स्पीकर बघ, नाहीतर... दुसरं काही बघ. पाच मिनट का काम है. फुकट में पैसा मत डालो."

भूषणने मान हलवली. त्याला ही साधी गोष्ट सुचायला हवी होती, केमिस्ट माणूस तो. पण काटे डुलत होते. आज नेला नाही तर दुसरं कुणी नेईल, असं त्याला वाटलं. "करून बघतो," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर जुना अॅम्प्लिफायर पाठीवरच्या बॅगेत घालून परत गेला. वायरी बदलून पाहिल्याच नव्हत्या. टेकचंदने विचारलं, "देखा क्या?" भूषण म्हणाला, "हो. अॅम्पच खराब आहे."

जुना देऊन साडेआठ हजारांत सौदा झाला. टेकचंदने आत नवीन कपॅसिटर घालून द्यायला दहा-बारा दिवस मागितले. त्या दिवसांत घरात गाणं नव्हतं. दादा बाल्कनीत बसायचे. एकदा मैत्रेयी म्हणाली, "अहो, दादांना हाक मारली तर कळत नाही हल्ली."

"वय झालंय," भूषण म्हणाला.

अॅम्प्लिफायर आला तो शनिवार होता. भूषणने स्वतः वायरी सोलल्या, घट्ट बसवल्या. दादांची खुर्ची दोन स्पीकरच्या मधोमध ठेवली. मैत्रेयी चहाचे कप घेऊन दारात उभी राहिली. गाणं सुरू झालं. भूषण पुढे सरकून ऐकू लागला. इतका स्वच्छ आवाज या पेट्यांतून येऊ शकतो, हे त्याला माहीतच नव्हतं. त्याने दादांकडे पाहिलं.

दादा डोळे मिटून बसले होते. मग त्यांनी डोळे उघडले, मान जराशी डावीकडे वळवली, पुन्हा सरळ केली.

"छान आहे," ते म्हणाले.

"डावा येतोय ना आता?"

दादांनी पुन्हा कान दिला. "थोडा कमी आहे. पण छान आहे. काटे छान आहेत."

"कमी कसा असेल? मला तर दोन्ही सारखे येतायत." भूषण चिडला होता, आणि आपण चिडलोय हे त्याला कळत होतं. तो उठला, अॅम्प्लिफायर बंद केला, मागे हात घालून वायरींची अदलाबदल केली. "आता सांगा. आता उजवा कमी यायला पाहिजे."

गाणं पुन्हा लागलं. दादा ऐकत राहिले.

"डावाच," ते म्हणाले.

भूषण अॅम्प्लिफायरच्या मागे गुडघ्यांवर तसाच बसून राहिला. मग उठून तो दादांच्या डाव्या बाजूला आला आणि हळू आवाजात म्हणाला, "दादा, चहा घेता ना?"

दादा समोर बघत होते. दारात उभ्या मैत्रेयीने कप खाली ठेवले. तिला ते ऐकू गेलं होतं.

सोमवारी त्याने रजा टाकली आणि दादांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी दादांना काचेच्या खोलीत बसवून तपासणी केली, मग कागदावरच्या दोन रेषा भूषणपुढे ठेवल्या. उजव्या कानाची रेष वयाप्रमाणे उतरत गेलेली होती. डावी खाली, तळाशी पडली होती.

"हे हळूहळू झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "एकदम झालंय. कधीपासून?"

भूषणने मनात दिवस मोजले. "पाच आठवडे झाले असतील."

"कानात आवाज? चक्कर?"

"आवाज घुमतो म्हणत होते. चक्करही आली होती एकदा."

डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला. "असं अचानक झालं की पहिल्या दोन-तीन आठवड्यांत औषध सुरू करायचं असतं. सगळ्यांचं ऐकू परत येतंच असं नाही, पण बऱ्याच जणांचं येतं. आता उशीर झालाय. आपण औषध देऊन बघू. फार आशा ठेवू नका."

औषध दिलं. कानाच्या पडद्याआड इंजेक्शनंही दिली. महिन्याने पुन्हा तपासणी झाली तेव्हा डावी रेष होती तिथेच होती.

त्या दिवशी घरी आल्यावर भूषणने दादांना सगळं सांगितलं. त्यांच्या उजव्या बाजूला बसून सांगितलं. टेकचंद काय म्हणाला होता, वायरी बदलून बघायला पाच मिनिटं लागली असती, आणि आपण बदलल्या नाहीत. त्याच्याशी खोटं बोललो, तेही सांगितलं.

"तिसऱ्या रविवारी कळलं असतं, दादा. तेव्हा वीस दिवसच झाले होते. काहीतरी झालं असतं."

दादांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"मला वाटलं होतं," ते म्हणाले.

"काय?"

"कानाचं असेल म्हणून. फोन डाव्या कानाला लावला तर काही येईना. ते पहिल्याच आठवड्यात कळलं होतं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तू वही घेऊन बसायचास ना रोज," दादा म्हणाले. "मला वाटलं, होईल चार दिवसांत बरं. आणि कानाचं म्हटलं असतं तर तू मला डॉक्टरकडे नेलं असतंस, गोळ्या आणल्या असत्यास, आणि झालं. पुन्हा तुझं आपलं काम, माझी आपली बाल्कनी." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "चूक झाली माझी. पण ते दिवस फार बरे गेले रे."

मैत्रेयीने आतून दिवा लावला तेव्हा दोघं तसेच बसलेले होते.

चंदेरी अॅम्प्लिफायर कपाटावर आहे. दादा अधूनमधून लावतात, एखादं गाणं ऐकतात आणि बंद करतात. सगळं एकाच बाजूला गोळा झाल्यासारखं वाटतं म्हणतात, आणि लगेच, सवय होईल असंही म्हणतात. भूषण तो लावत नाही.

संध्याकाळी मात्र तो दादांबरोबर फिरायला जातो. शिरगावातला तो रस्ता अरुंद आहे. नवीन इमारतींची कामं चालू असल्यामुळे डंपर सारखे ये-जा करतात, रिक्षा अंगाला घासून जातात. डावीकडून येणारी गाडी दादांना कळत नाही, म्हणून भूषण त्यांच्या डाव्या बाजूने चालतो. तिथून तो काही बोलला तर ते त्यांना ऐकू येत नाही. कोपऱ्यावरच्या पिंपळाखाली कट्टा आहे. तिथे पोचेपर्यंत तो गप्प राहतो. पोचल्यावर दादांना आधी बसवतो, मग वळसा घालून त्यांच्या उजवीकडे येऊन बसतो आणि कंपनीत आज काय काय झालं ते सांगायला लागतो.