हिरव्या रंगाचे रविवार

वर्षातून दोनदा चर्चमध्ये बसायला जागा मिळत नाही. नाताळला आणि पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणजे ईस्टरला. त्या दिवशी नवे कपडे घातलेली माणसं पार दारापर्यंत उभी असतात आणि एकमेकांना "किती दिवसांनी दिसलात" म्हणत असतात. बाकीचे रविवार बाकांवर ऐसपैस बसता येतं. हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे, आणि आपल्यातले बरेच जण दाराशी उभ्या असलेल्या त्या गर्दीतलेच आहेत. तेव्हा कुणाकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही.

आमचे लिफ्टसाहेब मात्र त्या गर्दीतसुद्धा पहिल्या बाकावर बसत. शहरातल्या निम्म्या इमारतींच्या लिफ्ट त्यांची कंपनी सांभाळते, म्हणून हे नाव. हाताखाली चाळीस माणसं आणि कामात एकदम चोख. त्यांची आई पुलापलीकडच्या जुन्या घरात एकटी राहायची. "आपलं चर्च इथे दोन पावलांवर आहे, मी कुठे येऊ?" असं म्हणून तिने हलायला साफ नकार दिला होता. साहेब दर रविवारी सकाळी तिला फोन करत. "कशी आहेस?" "मी मजेत." एवढ्यावर दोघांचंही भागायचं.

काही वर्षांपूर्वी, पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या उपवासकाळाच्या चौथ्या आठवड्यात, साहेब शिवणमावशींच्या दुकानात आले. मावशी चाळीस वर्षं फादरांचे मिस्साचे, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या वेळी घालायचे, झगे शिवतात. दुकान म्हणजे एक खोली. खिडकीशी मशीन, भिंतीला टेकवलेले कापडाचे तागे, मधोमध कापायचं टेबल, आणि मावशींच्या ओठांत कायम दोन-चार टाचण्या. कितीही बोलल्या तरी त्यांच्या टाचण्या पडत नाहीत. साहेबांच्या आईच्या त्या जुन्या मैत्रीण, त्यामुळे साहेबांना त्यांनी हाफ पँटमध्ये पाहिलेलं.

"मावशी, आईला ऐंशी पूर्ण होतायत," साहेब म्हणाले. "सणाच्या मिस्साला फादरांना नवा झगा द्यायचाय. पांढरा, सोनेरी जरीचा. पाठीवर आईचं नाव, खाली आमच्या कुटुंबाचं. कसलीही कसर नको."

"पाठीवर नाव? फादर काय फुटबॉल खेळायला निघालेत?"

साहेब हसले, पण मागे हटले नाहीत. मावशी कापड मोजत राहिल्या. "चर्चच्या कपाटात असले पांढरे झगे सहा आहेत. सहाही कुणी ना कुणी सणाला दिलेले. हँगर पुरत नाहीत. द्यायचाच असेल तर हिरवा दे."

"हिरवा? फादर हिरवा कधी घालतात?"

मावशींच्या ओठांतल्या टाचण्या त्या दिवशी पहिल्यांदा पडल्या.

"अरे, वर्षातले तेहतीस-चौतीस आठवडे घालतात! नाताळच्या आधी जांभळा, नाताळला पांढरा. उपवासकाळात पुन्हा जांभळा, मग पुनरुत्थानाचे सात आठवडे पांढरा. पवित्र आत्मा उतरला त्या सणाला लाल. उरलेलं सगळं वर्ष हिरवा. त्याला सामान्य काळ म्हणतात. पन्नाशी उलटली तुझी, आणि तू फादरांना हिरव्यात कधी पाहिलंच नाहीस?"

साहेबांना ते झोंबलं. एरवी त्यांच्याशी या सुरात बोलायची कुणाची टाप नव्हती.

"मावशी, माझी श्रद्धा आहे. घरात क्रूस आहे, मुलांचे संस्कार वेळेवर झालेत. कामाचा व्यापच तेवढा आहे, त्याला मी काय करू?"

"तुझ्या श्रद्धेबद्दल मी कुठे काय म्हटलं? मी कपाटाबद्दल बोलतेय," असं म्हणत मावशींनी खालच्या खणातून एक जुना हिरवा झगा काढला आणि टेबलावर पसरला. उपवासकाळात तो लागत नाही, म्हणून दुरुस्तीला आला होता. खांदे विरलेले, काठ पातळ झालेला.

"हा तीस वर्षं कुणी टिकवला, माहीत आहे? तुझ्या आईने. छातीवरून हात फिरव. रफू लागतंय का हाताला?"

साहेबांनी हात फिरवला. नीट चाचपल्यावर एक जागा किंचित जाड लागली. डोळ्यांना तर काहीच दिसत नव्हतं. त्यांना आपला शाळेतला स्वेटर आठवला. त्याची कोपरं आई अशीच भरायची, आणि वर्गात कुणाला पत्ता लागायचा नाही. त्यांची छाती अभिमानाने भरून आली.

"असा हात सबंध शहरात दुसरा नाही," मावशी म्हणाल्या. "मी धंद्यातली आहे, तरी सांगते. आता हा खांदा बघ. मागच्या सप्टेंबरातलं काम."

खांद्यावर टाके वेडेवाकडे गेले होते. एक लांब, एक आखूड. आणि दोरा निळा होता.

"हे आईने केलेलं नाही," साहेब म्हणाले.

"तिनेच केलंय. हिरवाच दोरा आहे म्हणत होती. मी टोकलं तर म्हणाली, उजेड कमी होता."

"मला तर फोनवर मजेत आहे म्हणते."

"मग काय म्हणेल? फोनवरून डोळे दिसतात का? सणाला तू येतोस तेव्हा ती ठेवणीतले कपडे घालते, नातवंडं हात धरून तिला बाकावर बसवतात. त्या दिवशी कुणालाच काही कळत नाही. कळतं ते हिरव्या रविवारी, ती एकटी पायरी चाचपत असते तेव्हा. बरं, एक सांग. तुझी माणसं लिफ्ट बंद पडल्यावरच जातात का?"

"छे. दर महिन्याला. तक्रार असो नसो, दोर बघायचे, दारं तपासायची. न बघता कागदावर सही केली म्हणून मी एका माणसाला..."

साहेब मध्येच थांबले. त्यांनी त्या माणसाला कामावरून काढलं होतं.

मावशींनी झग्याची घडी केली. आता त्यांचा आवाज मऊ झाला होता. "येशूने तेहतीस वर्षांतली तीस वर्षं आईजवळ काढली, सुताराच्या घरात, रंधा मारत. त्यांतल्या बहुतेक वर्षांबद्दल काही लिहिलेलं नाही, कारण सांगण्यासारखं काही घडलं नसणार. ते सगळे हिरवे रविवार होते. देवाला ते कमीपणाचे वाटले नाहीत, मग आपल्याला का वाटावेत?"

साहेब दुकानातून निघाले ते ऑफिसला गेलेच नाहीत. पूल ओलांडून तडक आईच्या दारात उभे राहिले. भर दुपारचा लख्ख उजेड होता. दार उघडून, हातभर अंतरावरून, आईने विचारलं, "कोण?"

"मी आहे, आई."

"तू? आज कसला सण आहे? कुणाचं काही बरंवाईट तर नाही ना?"

"काही नाही. आज मंगळवार आहे," साहेब म्हणाले, आणि त्यांना रडू आवरेना.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टरांनी साहेबांना चार शब्द सुनावले, पण वेळ गेलेली नव्हती. सणानंतर महिन्याच्या अंतराने दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. त्या मंगळवारनंतर साहेब दर रविवारी आईचा हात धरून मिस्साला येत राहिले. त्यांनी जांभळा रंग पाहिला, पांढरा पाहिला, लाल पाहिला. पहिला बाक मात्र सोडला, कारण आईची जागा तिसऱ्या बाकावर, खांबाशेजारी.

मग सणांची रांग संपली आणि एका साध्या रविवारी फादर नवा हिरवा झगा घालून वेदीकडे निघाले. पाठीवर नाव नव्हतं. आतल्या काठाचे शेवटचे वीतभर टाके मावशींनी मुद्दाम बाकी ठेवले होते, आणि ते आईने घातले होते. सुईत दोराही तिनेच ओवला.

आईने साहेबांना कोपराने ढोसलं. "टाके दिसतायत का रे?"

"नाही दिसत."

"दिसायलाच नकोत," आई म्हणाली आणि ताठ बसली.

मिस्सा संपल्यावर तिने शेजारच्या बाईंना गाठलं. "हा माझा मुलगा."

"अहो, ओळखते की. लिफ्टसाहेब ना?"

"ते असतील. हा माझा मुलगा आहे. दर रविवारी येतो."

मोजले तर जेमतेम बारा रविवार झाले होते. पण आईच्या तोंडून ते इतक्या अभिमानाने आलं, की ते खरं करून दाखवण्यावाचून साहेबांना गत्यंतर नव्हतं. तो हिरवा झगाही आता खांद्यावर विरू लागलाय, आणि साहेब अजून तिसऱ्या बाकावर दिसतात.

मंडळी, सणाच्या दिवशी आपण सगळेच भाविक असतो आणि सगळेच चांगले मुलगे-मुली असतो. आपला देव आणि आपली माणसं, दोघांचीही विचारपूस बिनसणाच्या दिवशी करायची असते, काही तक्रार नसताना, स्वतः जाऊन. येत्या रविवारी कुठलाही सण नाही. बाकांवर जागा भरपूर आहे.