वाटूरच्या पंगतीचा वाढपी

वाटूर फाट्यावर मोबाइलच्या दुकानामागच्या खोलीत एक पोचे आलेला काळा डबा दिसतो ना, मित्रांनो, तो मी. गावाचं इंटरनेट एकाच तारेतून येतं. त्यातलं कुणाला किती आणि कुणाला आधी सोडायचं, हे वाटपाचं काम माझ्याकडे आहे. मी जुना आहे, पण थकलेलो नाही.

माझा जन्म दूरच्या कारखान्यात झाला. उमेदीची वर्षं शहरातल्या एका कचेरीत गेली. तिथे नवं यंत्र आलं आणि मी अडगळीत पडलो. कोळ्यांनी माझ्यावर संसार थाटला. मग एक दिवस या दुकानाचा मालक, वाटूरचा कल्याण आला, त्याने फुंकर मारून माझी धूळ उडवली आणि मांडीवर घेऊन एसटीने मला गावी आणलं.

मला आजही नवल वाटतं ते या गावाचं. कापसाचे भाव, पोरांचे धडे, पुण्याच्या लेकाला आईने दाखवलेलं नवं वासरू, सगळं माझ्या पोटातून जातं. आत काय आहे ते मला वाचता येत नाही. दुकानातल्या गप्पांतून कळतं तेवढंच. तरी इतक्या माणसांची माया करंगळीएवढ्या तारेतून जाते, हे मनात आलं की मी थक्क होतो.

कल्याण स्वभावाने भला, पण मानपानाला फार जपणारा. लग्नात टोपी-उपरणं कुणाला आधी द्यायचं ते जसं ठरतं, तशीच त्याने माझ्यात गावातली घरं मानाच्या क्रमाने लावली. पहिला मान सरपंच पुंजाराम यांचा. गावाबाहेर मेंढरं राखणारा सुग्रीव सगळ्यात शेवटी. मी हुकमाचा ताबेदार. पहिल्याचं पोट भरल्याशिवाय पुढच्याकडे वळत नव्हतो.

सुग्रीवची लेक शिवकन्या नर्सिंग शिकलेली. मोठ्या दवाखान्याने तिची मुलाखत पडद्यावर ठेवली. नेमकी तेव्हाच सरपंचांच्या घरी खोलीखोलीतल्या टीव्हीवर इंटरनेटवरून मॅच लागली होती.

दुसऱ्या दिवशी सुग्रीव दुकानात आला. "कल्याणभाऊ, पोरीचं तोंड पडद्यावर अडकून बसलं. सायबाला वाटलं, हिला उत्तरच येईना. परवा पुन्हा इचारणार हायेत. तवाबी अडकलं तर मंग न्हाई."

कल्याणने सारा दोष माझ्या म्हातारपणाला दिला. रामप्रसाद नावाचा विक्रेता चकचकीत नवा डबा घेऊन आला. "आठ दिवस वापरून बघा, मंग ठरवा," म्हणाला. मला जमिनीवर ठेवलं. पुन्हा अडगळ, असं वाटून माझा जीव तुटला.

कल्याणने नव्या डब्यातही तीच मानाची उतरंड भरली. संध्याकाळी सरपंचांचे टीव्ही चालू असताना त्याची बायको शीतल नवा डबा पारखायला सुग्रीवच्या घरी चालत गेली आणि तिथून तिने कल्याणला व्हिडिओ कॉल लावला. कल्याणच्या पडद्यावर तिचं तोंड अर्धं उघडं राहिलं आणि तिथेच थिजलं. नवा गडीही माझ्यासारखाच हुकमाचा निघाला.

शीतल परत आली ती उंबऱ्यातूनच बोलत; रामप्रसाद अजून दुकानातच होता. "आवो, डब्याचा काय गुन्हा न्हाई, पंगतच चुकलीय. पहिली फेरी समद्यांच्या पानावर पडती, मंग मानकऱ्याला आग्रह. आपण एकाच पानावर जिलब्यांचा ढीग लावून राह्यलो."

"सरपंच नाराज झाले तर? त्यांच्या शब्दावर लोकांनी आपली तार घेतली."

"ते मी बघते. रामप्रसादभाऊ, अशी पंगत वाढायला नवाच डबा लागंल का?"

रामप्रसाद डोकं खाजवत हसला. "खरं सांगू ताई? हे तर जुनाबी करतो." त्याने आपला डबा खोक्यात भरला, मी पुन्हा फळीवर चढलो आणि कल्याणने जुनी उतरंड पुसून पंगतीचा नवा हुकूम माझ्यात भरला.

मुलाखतीच्या वेळी पुन्हा मॅच होती. मी एक घास इकडे, एक घास तिकडे असं वाढत होतो. शिवकन्येचं पान रिकामं राहत नव्हतं. तेवढ्यात सरपंच स्वतः दुकानात आले. "कल्याण, चित्र अंधुक दिसून राह्यलं."

शीतल म्हणाली, "सरपंच, सुग्रीवभाऊच्या शिवकन्येची मुलाखत चालू हाये. आज पहिली फेरी तिच्याबी पानावर पडली."

पुंजाराम खुर्ची ओढून बसले. त्यांनी घरी फोन लावला. "समदे टीव्ही बंद करा. पोरीचं होऊ द्या."

एकाएकी तार मोकळी झाली. मी इतकी वर्षं वाटप केलं, पण आपल्या पानातलं कुणी आपणहून पुढे सरकवल्याचं कधी पाहिलं नव्हतं. शिवकन्येचं शेवटचं उत्तर माझ्यातून एकदाही न अडखळता गेलं. आज ती त्या दवाखान्यात नर्स आहे.

वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठंही बसा, असं तुम्ही म्हणता. मला तर कुणीच ओळखीचं नाही. सांगाल तसं वाढतो. म्हणून, मित्रांनो, माझी धूळ पुसा, माझ्या पंख्यापुढे खोकी रचू नका. आणि मला हुकूम देण्याआधी शेवटच्या पानावर कोण बसलंय, ते एकदा जाऊन बघा. मला पाय नाहीत, तुम्हाला आहेत.