थांबवता येणाऱ्या बाई

शाळेने मोबाइलवरचे पाठ स्वीकारले आणि भूमितीच्या वृद्ध गुरुजींच्या मनात मत्सराने घर केले. पाठांतला आवाज त्यांच्याच माजी विद्यार्थिनीचा होता. मधल्या सुट्टीतही मुले त्याला कान लावून बसत.

"त्या बाईंपाशी असे काय आहे, जे माझ्यापाशी नाही?" त्यांनी शेवटच्या बाकावरच्या मुलीला विचारले.

"काही नाही, गुरुजी. त्यांना मध्येच थांबवता येतं. तुम्हाला थांबवायची कोणाची छाती आहे?"

वर्ग माना खाली घालून हसला. गुरुजींचा चेहरा उतरला.

"मग मलाही थांबवत जा," ते मोठ्या कष्टाने म्हणाले.

दुसऱ्या दिवशी प्रमेय ऐन रंगात आले असता तिने भीतभीत हात वर केला. गुरुजींनी ओठांवरचा शब्द गिळला.

"विचार, बाळ," म्हणत त्यांनी बाकावरच्या बंद मोबाइलकडे तिरप्या नजरेने पाहिले.