मुठीत धरलेलं शिसं

मी एक जुनी, परसातली चिकण माती आहे. मित्रांनो, माझी पकड अशी, की एकदा धरलेलं मी जन्मात सोडत नाही! असं मी परवापरवापर्यंत ऐटीत सांगायचे. आता सांगताना जीभ अडखळते.

दगड झिजले, पाला कुजला आणि मी झाले. ते दिवस बरे होते. गांडुळं गुदगुल्या करायची. मग या घरात बॅटरीवाला राहायला आला. तो परसातच जुन्या बॅटऱ्या फोडायचा आणि आतला राखाडी लगदा थेट माझ्या तोंडात. शी! सगळं शिसं! थुंकावं म्हटलं, तर मातीने थुंकायचं तरी कुठे? शेवटी माझ्या चिकण कणांनी त्याला आवळलं, कुजलेल्या पाल्याने मिठीत घेतलं, गंजाच्या कणांनी कोंडून ठेवलं. भिंतीचा चुना माझ्यात झिरपायचा, त्याने मूठ आणखी घट्ट झाली. शिसं गेलं कुठेच नाही, पण निपचित पडलं. एवढी घाण पोटात घेऊन बसले, तर शाबासकी कुणी द्यावी? छे! सगळे मला तुडवून वर चपला झटकायचे.

पुढे बॅटरीवाल्याचं काम सुटलं आणि त्याच्या बायकोने माझ्यावर पालक लावला. का, तर लहानग्या नातीला ताजी भाजी मिळावी! पोरगी येता-जाता कोवळी पानं तोंडात टाकायची आणि मी जिवाच्या आकांताने शिसं आवळून धरायचे. पानात फारसं चढू दिलं नाही.

आणि मग शेजारणीच्या हायड्रेंजियाच्या फुलझाडाला निळी फुलं आली. आमच्याकडे त्याच झाडाला गुलाबी.

"तिची निळी आणि माझी गुलाबी? मी कुणाचं घोडं मारलंय?" आजी कडाडली.

"अगं, निळ्यासाठी माती आंबट लागते," बॅटरीवाला म्हणाला. "मोबाइलवर दाखवत होते."

"मग करा की आंबट! नुसतं बघत काय बसलाय?"

"थांब. घरचंच आंबट आहे माझ्याकडे."

आणि हा गृहस्थ जुन्या बॅटऱ्यांचं उरलेलं ॲसिड घेऊन आला! बादलीभर पाण्यात ते ओतलं आणि बादली माझ्यावर.

"अहो, थोडं पालकालाही घाला. त्याला कशाला उपाशी ठेवायचं?" आजी म्हणाली.

मित्रांनो, ती चव सांगत नाही, तुमची जेवणं व्हायची असतील. आंबटाचे कण आत घुसले. आधी माझा चुना फस्त केला, मग शिशाला ढकलून त्याच्या जागा बळकावल्या. माझी मूठ सैल पडली. शिसं पाण्यात उतरलं, पाण्यातून मुळांत, मुळांतून पानांत. मी ओरडले, पण मातीचं ओरडणं ऐकतं कोण?

फुलं निळी झाली. आजी गल्लीभर मिरवली. "सगळी मातीची कमाल हो!"

इकडे पोरीचं पोट दुखायला लागलं. जेवेना, खेळेना, भिंतीला टेकून नुसती बसायची. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, तर रक्तात शिसं. "परसातलं पानसुद्धा तोंडात जाता कामा नये," त्यांनी दम भरला. "आणि त्या मातीपासून पोरीला लांब ठेवा!"

आजी रडरड रडली. बॅटरीवाल्याने पालक उपटला, मला खणलं, पोत्यांत भरलं आणि फाटकाबाहेर नेऊन ठेवलं. झालं यांचं काम!

मित्रांनो, हात जोडायला मला हात नाहीत, तरी विनवते. माझ्या पोटात काय काय ओतलंय ते आधी तपासून घ्या. विष असेल तर मला झाकून ठेवा, चुना द्या, कुजलेला पाला द्या. माझ्यावर खायचं काही लावू नका. आणि जाणत्या माणसाला विचारल्याशिवाय मला घरातून हाकलू नका.

निळ्या फुलांची कीर्ती ऐकलेल्या बालवाडीच्या बाईंना फाटकाबाहेर पोती दिसली. त्यांनी ती टेम्पोत घालून नेली. मातीकामाच्या तासाला मला मुलांपुढे ओतलं. पहिला गोळा नातीने मळला.