आजीच्या पिशवीतली बॅटरी

“मानसी, तुझ्या सासूच्या डोळ्यांकडं बघ गं जरा. कुंकू भिवईत लावलं त्यांनी मला, अन् हळद नाकाला!”

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या शेजारच्या भाग्यलक्ष्मीकाकू जाताना दारात थांबून हळूच असं म्हणाल्या. मानसी हसली, त्यांच्या हातात वाण दिलं आणि दार लावून घेतलं. “सासूसुनेत लावून द्यायची सवयच आहे या बाईला,” ती पुटपुटली. मी तिथेच, चपलांच्या कपाटावर आडवी पडले होते. मी सगळं ऐकलं. पण माझं कोण ऐकणार?

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. तुमच्या पुस्तकात मला विजेरी म्हणतात, कुणी टॉर्चही म्हणतं. पितळेचा पत्रा वळवून माझं अंग केलं, त्यावर चांदीसारखा मुलामा चढवला, तोंडाला काच बसवली आणि बाजूला खटका. या घरच्या आजोबांनी मला हैदराबादेतल्या आबिड्सच्या एका दुकानातून आणलं, तेव्हा ते तरुण होते आणि आजी या घरात नव्यानेच आली होती.

काय दिवस होते ते! उन्हाळ्यात लाइट गेली की सगळ्यांच्या तोंडी माझंच नाव. पाण्याच्या टाकीत मी डोकावले, माळ्यावरचं मांजर मी शोधलं, त्यांच्या मुलाच्या, पुष्करच्या, दुखणाऱ्या दाढेचं भोकसुद्धा आधी मी पाहिलं. आजोबा म्हणायचे, “ही आहे म्हणून घराला डोळे आहेत.”

मग आजोबा गेले. तरी या घरात हळदीकुंकू आजीच लावत राहिली. हिमायतनगरच्या या फ्लॅटमध्ये इन्व्हर्टर आला. प्रत्येकाच्या फोनमध्ये उजेड आला. मी खणात पडून राहिले. पोटातले सेल पाझरले, स्प्रिंग हिरवी झाली. कुणी उघडून पाहिलं नाही.

मला बाहेर काढलं ते आजीने. तिने लिंबू लावून माझी स्प्रिंग घासली आणि नवे सेल घातले. मला वाटलं, जुने दिवस परत आले. पण आजी मला भर दुपारी वापरू लागली. तांदळातले खडे बघायला मी. निरांजनात तूप घालायला मी. जिना उतरताना तर मी हातात हवीच. बाहेर लख्ख ऊन असायचं. मानसी ऑफिसातून यायच्या वेळेला मात्र आजी मला पदराखाली घेऊन कपाटावर ठेवून द्यायची. मला तेव्हाच संशय आला होता.

संशय मानसीलाही यायचा, पण तो बाहेरच्यांचा. पुण्याहून लग्न होऊन इथं आलेली ही मुलगी शिकलेली, हुशार आणि सदा सावध. दूधवाल्याचं दूध, रिक्षावाल्याचा रस्ता, लिफ्टमधला अनोळखी माणूस, सगळ्यांकडे तिची नजर. तिची चार वर्षांची मुलगी त्रिवेणी दिवसभर आजीजवळ असायची. त्या एकाच गोष्टीबद्दल मानसी निर्धास्त होती.

या सुट्टीत सगळे कर्नूलकडच्या एका चुनखडीच्या गुहेत फिरायला गेले. निघताना आजीने मला आपल्या कापडी पिशवीत टाकलं.

“कायकू, कशाला म्हणू नको, राहू दे माझ्याजवळ,” आजी म्हणाली. ती जन्माची हैदराबादची. तिच्या बोलण्यात असे शब्द सहज यायचे.

“आई, माझ्याकडे द्या. त्रिवेणीला अंधारात सोडायचं नाही मला,” असं म्हणून मानसीने मला काढून घेतलं. आजीचा हात क्षणभर पिशवीच्या तोंडाशीच राहिला. मग ती म्हणाली, “हौ, घे.”

गुहेच्या तोंडाशी पायऱ्या उतरत होत्या. आत दमट, कोंदट हवा. छतातून ठिबकणाऱ्या पाण्यातल्या चुन्याने दगडाचे लोलक घडवले होते. कुठे वडाच्या पारंब्या, कुठे हत्तीची सोंड. हे एवढं व्हायला हजारो वर्षं लागतात, असं गाइड सांगत होता. मानसीचं लक्ष लोलकांकडे नव्हतंच. हा माणूस सारखा त्रिवेणीकडे वळून का बघतो? ही वायर अशी लोंबते का? हे मागचे दोघे आपल्याला चिकटून का चाललेत? तिने एका हातात त्रिवेणीचं मनगट धरलं होतं आणि दुसऱ्या हातात मला. माझा झोत एकदा गाइडच्या तोंडावर, एकदा मागच्या दोघांवर.

“मॅडम, आँख में नक्को मारो ना!” गाइड वैतागला.

पुष्कर फोटो काढत पुढे होता. आजी सगळ्यांच्या मागे. ती भिंतीला तळवा टेकवत, चाचपत येत होती.

“ओ अम्मा! हाथ लगाना नहीं. हाथ का तेल लगा तो पत्थर बढ़ना बंद हो जाता.”

“आई, किती वेळा सांगायचं त्यांनी!” मानसी ओशाळून म्हणाली. आजीने हात काढून घेतला आणि पदरात गुंडाळला. मित्रांनो, तेव्हा मला ओरडावंसं वाटलं. पण मला खटका आहे, आवाज नाही.

पुढे लोखंडी कठडा लावलेली एक जागा आली. गाइड म्हणाला, “अब एक मिनट सब लाइट बंद करता. असली अंधेरा देखो. मोबाइल, टॉर्च, सब बंद.” मानसीने नाराजीनेच माझा खटका मागे ओढला.

दिवे गेले. त्रिवेणी किंचाळली. कुणीतरी हसलं, कुणी भुताचा आवाज काढला. मग दिवे लागले. अगदी मंद, लाल-पिवळे. सगळे “आहाहा” म्हणाले आणि चिंचोळ्या वाटेने पुढच्या दालनात शिरले.

तिथे त्रिवेणीने मागे वळून पाहिलं. “आई, आजी कुठाय?”

आजीच्या गळ्यात सोन्याची माळ होती. मानसीने वळून पाहिलं, तर मागचे ते दोघेही दिसेनात!

“तुम्ही माणसं मोजत नाही का?” ती गाइडवर कडाडली.

“गिनता मॅडम! पीछे का बॅच मिक्स हुआ होगा,” तो गोंधळून म्हणाला.

त्या दिवसात पहिल्यांदाच मानसीने त्रिवेणीचा हात सोडला, पुष्करच्या हातात दिला, मला पेटवलं आणि त्या चिंचोळ्या वाटेने उलटी धावली. वाटेत ते दोघे एकमेकांचे फोटो काढत उभे होते.

आजी कठड्याशीच होती. आम्ही सोडली तिथेच. दोन्ही हातांनी कठडा धरून, मान ताठ, चेहऱ्यावर लपाछपीत लपलेल्या मुलीसारखं हसू. तिच्या डोक्यावर लाल दिवा चालू होता.

पावलं ऐकून आजी म्हणाली, “कोण? मानसी का गं? अजून नाही का लावले दिवे त्यानं? एक मिनट म्हणाला होता. अन् सगळे असे गप्प का झाले?”

मानसीने वर दिव्याकडे पाहिलं. मग आजीकडे. माझा झोत तिने कडेने हळूहळू आजीच्या चेहऱ्यावर आणला. अगदी समोर आला तेव्हा कुठे आजीने डोळे मिचकावले.

“बॅटरी लावलीस होय,” ती म्हणाली. आणि मग तिचं हसू गेलं. तिला कळलं होतं. “दिवे लागलेत ना गं?”

“हो, आई.”

“पुष्करला सांगू नको. त्रिवेणीला माझ्याजवळ ठेवणार नाहीस तू मग.” आजीचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

मानसीने मला आजीच्या हातात दिलं, माझा खटका पुढे आहे ना ते बोटाने तपासलं आणि आजीचा दुसरा हात स्वतःच्या खांद्यावर ठेवला. पायऱ्या चढताना ती मोठ्याने सांगत होती, “आता उंच पायरी... आता वाकायचं, आई...”

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, पण उरलेली औषधाने टिकवता येईल. आणखी उशीर झाला असता तर तीही राहिली नसती. मानसीने ते ऐकलं आणि घरी जायच्या आधी भाग्यलक्ष्मीकाकूंची बेल वाजवली.

आता दुपारी त्रिवेणीसाठी एक बाई येते. तिच्यावर मानसीचा संशय आहेच! पण त्रिवेणी झोपते आजीच्याच कुशीत, आणि डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली की तीच आजीला उठवते. मी कपाटावर लपून नसते, आजीच्या उशाशी असते.

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. तुमच्या घरातही कुणीतरी सगळ्यांच्या मागून चालत असेल. त्यांना “नीट दिसतं ना?” असं विचारू नका. ते “हो” म्हणतील. आज दिवेलागणीच्या आधी आजीच्या खोलीच्या दारात जा आणि काही न बोलता उभे राहा. बघा, ती तुम्हाला नावाने हाक मारते, की विचारते, “कोण?”