शेवटच्या रांगेतली वही

मित्रांनो, सभागृहाच्या मधल्या खांबावर कोपरे खरचटलेली एक काळी पेटी दिसते ना, तो मी. मी एक जुना लाउडस्पीकर आहे. माझ्या पोटात कागदी शंकूचा मोठा स्पीकर आहे, तो जाड आवाज काढतो. वरचा छोटा भोंगा बारीक आवाज काढतो. कारखान्यातल्या एका बाईंनी माझे स्क्रू इतके नेटके आवळले होते की बारा वर्षांत एकही हलला नाही.

त्या वर्षांत मी नाटकं, भाषणं, बक्षीससमारंभ, सगळं शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचवलं. "आवाज कसा स्वच्छ आहे!" असं कुणी म्हटलं की मी फुगून जायचो. पण काळजी कोण घेणार? माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवले, वायर धरून मला ओढलं. एका कार्यक्रमात तर कुणा उत्साही माणसाने आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. पहिल्या रांगेतलं तान्हं बाळ दचकून किंचाळलं. त्याचे कान झाकून त्याची आई बाहेर धावली. त्याच वेळी माझ्या भोंग्यात काहीतरी करपलं. ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

मग नवा लाउडस्पीकर आला. गुळगुळीत, ऐटबाज.

"दोघांना वाजवून बघू. हरेल तो भंगारात," व्यवस्थापक म्हणाले.

साउंडचं काम बघणाऱ्या ताईने एकच गाणं आधी माझ्यावर, मग त्याच्यावर लावलं.

"वा! काय दणका आहे! जुन्याला भंगाराच्या गाडीत घाला," व्यवस्थापक म्हणाले.

मला दारापर्यंत ढकललंसुद्धा. तेवढ्यात ताईने कपाळावर हात मारला. "थांबा हो काका. चूक माझीच. नव्याचा आवाज मी जास्त ठेवला होता. मोठं वाजलं की कानाला चांगलंच वाटतं. ही काही परीक्षा नव्हे."

तिने आवाज मोजायचं यंत्र मधल्या खुर्चीवर ठेवून दोघांचा आवाज सारखा केला. आम्हाला शेजारी शेजारी उभं करून, कुठला वाजतोय ते दिसू नये म्हणून पुढे पातळ कापड सोडलं. मग आपल्या आईला शेवटच्या रांगेत बसवून हातात वही दिली.

"अगं, मला काय कळतंय यातलं?"

"म्हणूनच तर तू. ऐकू येईल तो शब्द लिही. नाही आला तर रेघ मार. अंदाजाने लिहायचं नाही हं!"

"आता तू माझी परीक्षा घे! लहानपणी पाढ्यात कोण अंदाज मारायचं?"

प्रत्येकावर तीस शब्द वाजले. नव्याच्या पानावर एक रेघ. माझ्या पानावर आठ.

"झालं! संपला विषय," व्यवस्थापक उठले.

ताई मात्र वही निरखत राहिली. "काका, यादीशी ताडून बघा. आठही शब्दांत स नाहीतर श आहे. बाकी एकही शब्द आईचा चुकलेला नाही. असले बारीक आवाज भोंगा काढतो, बिघडलाय तोच. पेटी ठणठणीत आहे."

तिने भोंगा उघडला, आतला करपलेला, नखाएवढाही जाड नसलेला पडदा काढला आणि नवा बसवला. पुन्हा वही, पुन्हा नवे तीस शब्द. मी जीव मुठीत धरून एकेक शब्द उच्चारला.

"एकच रेघ आहे गं!" मागून आई ओरडली.

व्यवस्थापकांनी डोकं खाजवलं. "मग आता ठेवायचा कुठला?"

"दोन्ही."

आता नवा मंचाजवळ असतो आणि मी मागच्या रांगांसाठी या खांबावर. त्याचा आवाज इथवर यायला क्षणभर लागतो. ताईने मला तेवढा क्षण थांबून बोलायला शिकवलंय, नाहीतर शब्दावर शब्द आदळतात.

मित्रांनो, बटण हळूच फिरवा. माझ्या करपलेल्या भागाऐवजी दुकानात नवा मिळाला. कानाचा मिळत नाही.

परवा ते बाळ आलं होतं. आता चालायला लागलंय. त्याची आई कान झाकायला हात तयार ठेवूनच मागच्या रांगेत बसली. भाषण सुरू झालं. थोड्या वेळाने तिने हात खाली घेतले. बाळ तिच्या मांडीवर झोपलं होतं, आणि मी बोलतच होतो.