माझं उत्तर शून्य नाही

मी प्रश्न बोलतोय. परीक्षेच्या पेपरातला नव्हे आणि नवरा-बायकोतलाही नव्हे. लोकसभेतला, अतारांकित, क्रमांक दोन हजार एकशे सत्तेचाळीस.

तारांकित म्हणजे आमच्यातले मानकरी. त्यांना मंत्री उभे राहून तोंडी उत्तर देतात, ते टीव्हीवर दिसतात, त्यांच्यासाठी बाकं वाजतात. माझ्यासाठी कुणी उभं राहत नाही. माझं उत्तर छापून येतं, सभागृहाच्या पटलावर ठेवलं जातं आणि मग त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. निदान उत्तर देणाऱ्यांचा तसा समज असतो. पण तोंडी उत्तरात माणूस गोल गोल फिरू शकतो. माझ्यापुढे त्याला आकडा लिहावा लागतो, आणि खाली तारीख असते. म्हणून मला तारा नसल्याचं मुळीच वाईट वाटत नाही.

माझा जन्म दिल्लीतल्या मुनिरकात, तिसऱ्या मजल्यावरच्या एका भाड्याच्या खोलीत झाला. खोली अश्लेषाची. ती वाशीम जिल्ह्यातल्या मंगरूळपीरची. केंद्र सरकारच्या एका खात्यात तांत्रिक सहाय्यक म्हणून तिची निवड झाली होती. यादीत नाव आलं तेव्हा तिच्या वडिलांनी, गुलाबरावांनी, चौकात अभिनंदनाचा फलक लावला. त्याला वीस महिने झाले. फलक उन्हाने पांढरा पडला आणि नियुक्तिपत्राचा पत्ता नाही. खात्यात विचारायला गेलं की खिडकीवरचा माणूस म्हणायचा, प्रक्रिया सुरू आहे. माहिती अधिकारात अर्ज टाकला तर उत्तर आलं, प्रक्रिया सुरू आहे. गावाकडून फोन आला की लोक विचारायचे, कधी रुजू होतेस? शेवटी तिने घरचे फोन घेणंच कमी केलं.

निवड यादीची मुदत एकतीस डिसेंबरला संपणार होती. त्यानंतर ती यादी रद्दीच्या भावाची. आणि वयाची मर्यादा अश्लेषाने मागच्या उन्हाळ्यात ओलांडली होती, त्यामुळे पुन्हा परीक्षेला बसायची सोय नव्हती. तेव्हा नोव्हेंबर उजाडला होता.

मला खरं रूप दिलं ते अश्लेषाच्या मैत्रिणीने, कादंबरीने. ही करोल बागेत वाढलेली मुलगी. वडील सरकारी नोकरीत, म्हणून दिल्लीचीच होऊन गेलेली. अश्लेषाची आणि तिची ओळख एका अभ्यासिकेत झाली. कादंबरीने नंतर स्पर्धा परीक्षांचा नाद सोडला आणि महाराष्ट्रातल्या एका खासदार बाईंच्या, भानुमतीताईंच्या, कार्यालयात कामाला लागली. खासदारांच्या नावाने सरकारला लेखी प्रश्न पाठवायचे, हे तिचं काम.

अश्लेषाने मला पहिल्यांदा लिहिलं तेव्हा मी दोन पानी होतो. त्यात राग होता, रडू होतं, गावातला फलकसुद्धा होता. कादंबरीने ते शांतपणे वाचलं.

“यार, सगळं बिल्कुल बरोबर आहे. पण हा प्रश्न नाहीये, ही तक्रार आहे. एका माणसाची तक्रार सभागृह घेत नाही.”

“मग मी एकटीच आहे का हेच विचार ना,” अश्लेषा म्हणाली.

तिथे माझा कणा तयार झाला. मग कात्री चालली. आमचे नियम कडक आहेत. दीडशे शब्दांच्या आत राहायचं. आरोप करायचा नाही, तर्क लढवायचा नाही, उपरोध तर अजिबात नाही. म्हणजे सभागृहात जाताना मला माझा सगळा स्वभाव बाहेर काढून ठेवावा लागला. इथे तोंड सुटलंय ते त्यामुळेच. शेवटी मी चार कलमांचा उरलो. (क) निवड होऊनही नियुक्तिपत्र न मिळालेले उमेदवार किती? (ख) ते केव्हापासून वाट पाहत आहेत? (ग) विलंबाची कारणं काय? (घ) यादीची मुदत संपण्यापूर्वी त्यांना पत्रं मिळणार का? साधं, सरळ. शाळेतल्या पोरालाही कळावं इतकं.

प्रश्नांच्या सोडतीत भानुमतीताईंचं नाव निघालं आणि मी खात्यात पोचलो.

संसदेतून प्रश्न आला की सरकारी कार्यालयात कशी धांदल उडते, ते एकदा बघण्यासारखं आहे. एरवी जी फाईल तीन टेबलं ओलांडायला तीन महिने घेते, ती माझ्यासाठी तीन तासांत धावते. चहा गार होतो, सुट्ट्या रद्द होतात. मी मनात म्हणालो, म्हणजे यांना धावता येतं तर.

मी येऊन थांबलो पद्माकर यांच्या टेबलावर. हे कक्ष अधिकारी, मराठीच. गाझियाबादला घर, एकतीस वर्षांची नोकरी. माणूस वाईट नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. लाच नाही, उशीर नाही, आणि टेबलावर कधी कागद साठू द्यायचा नाही हा त्यांचा बाणा. संध्याकाळी टेबल रिकामं असलं की त्यांना शांत झोप लागायची. कागद पुढे सरकला म्हणजे काम झालं, असं ते इतकी वर्षं मनापासून मानत आले होते. त्यांचीच काय, अख्ख्या इमारतीची तीच समजूत होती.

त्यांनी संगणकावर प्रलंबित प्रकरणांचा रकाना उघडला. तिथे होतं शून्य. शेजारच्या टेबलावरचा विक्रांत जरा चाचरत म्हणाला, “सर, वो तिरसठ फाइलें जो कैंडिडेट को लौटाई थीं?”

“लौटा दीं न? फिर हमारे पास कहाँ हैं।”

झालं. मी विचारलं होतं माणसांबद्दल, त्यांनी मोजल्या फायली. मी ओरडत होतो, अहो, मी हे विचारलेलंच नाही. पण प्रश्नाला विचारता येतं, मधेच अडवता येत नाही. मसुदा वर गेला, चार सह्या झाल्या, मंत्र्यांनी मान्यता दिली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझं उत्तर पटलावर आलं. (क) शून्य. (ख) ते (घ) प्रश्न उद्भवत नाही.

प्रश्न उद्भवत नाही! मुनिरकाच्या त्या खोलीत एका मुलीच्या वीस महिन्यांतून मी उद्भवलो, आणि मलाच तोंडावर सांगतात की तू नाहीस. मला लाज वाटली नाही, राग आला. आजही येतो.

अश्लेषाने ते उत्तर मोबाइलवर वाचलं. मग तिने ते कागदावर छापून आणलं, शून्याला पेनाने गोल केला आणि कादंबरीला म्हणाली, हे लिहिणाऱ्याला मला भेटायचं आहे.

दोघी खात्यात गेल्या. पास मिळवण्यात अर्धा दिवस गेला. पद्माकरांनी मराठी बोलणं ऐकून बसायला खुर्ची दिली, चहा मागवला आणि फाईलही काढून दाखवली. आपलं काही चुकलेलं नाही याची त्यांना खात्री होती. त्यांनी सांगितलं ते असं. चारित्र्य पडताळणीसाठी पोलीस मुनिरकातल्या पत्त्यावर गेले होते, तिथे अश्लेषा सापडली नाही. ती सापडणार कशी? मुनिरकात भाड्याचा करार अकरा महिन्यांचा. करार संपला, घरमालकाने भाडं वाढवलं, ती दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली. तिथली सगळी मुलं अशीच सरकत असतात. मग खात्याने खुलासा मागणारं पत्र तिला पाठवलं आणि फाईल ‘उमेदवाराकडे परत’ म्हणून बंद केली.

“हे बघा, पत्र पाठवलंय. नोंदणीकृत डाकेने, नियमाप्रमाणे,” असं म्हणून त्यांनी परत आलेला लिफाफा तिच्यापुढे ठेवला.

अश्लेषाने लिफाफ्यावरचा पत्ता वाचला. “सर, हे पत्र पाठवण्याआधी पोलिसांनी तुम्हाला काय लिहून दिलं होतं?”

पद्माकरांनी अहवाल उलगडला आणि सवयीने मोठ्याने वाचू लागले. “सदर उमेदवार या पत्त्यावर राहत नाही...” आणि ते थांबले. पुढची ओळ त्यांनी वाचलीच नाही.

जिथे ती राहत नाही असं लेखी कळलं होतं, तिथेच तिला पत्र गेलं होतं. आणि तिला एकटीलाच नव्हे, तशाच त्रेसष्ट जणांना. कारण पत्र अर्जातल्याच पत्त्यावर पाठवायचं असा नियम, आणि फोन करावा असं नियमात कुठे लिहिलेलं नाही. प्रत्येक अर्जावर मोबाइल नंबर होता. एकालाही फोन गेला नव्हता.

“मी तुमची फाईल दाबून ठेवली नाही,” पद्माकर हळू आवाजात म्हणाले. “ती माझ्याकडे नव्हतीच.”

“माझ्याकडेही नव्हती, सर. मग वीस महिने मी कुणाकडे होते?”

मी आजवर सरकारला विचारलेले पुष्कळ प्रश्न ऐकले आहेत. भाऊबंदच ते माझे. पण हिच्यासारखा कुणी विचारला नाही, आणि हा तर कुठल्या यादीत छापलेलाही नाही.

त्या दोघी तिथून थेट भानुमतीताईंकडे गेल्या. लेखी उत्तर चुकीचं निघालं तर खासदाराला अध्यक्षांना पत्र लिहिता येतं, आणि मग मंत्र्यांना सभागृहात दुरुस्ती करावी लागते. वाट आहे, पण तिच्यावर पाऊल टाकायला कुणी तयार नसतं. ताईंनाही ते जड जात होतं. मंत्री त्यांच्याच आघाडीतले, रोज समोरासमोर येणारे. त्यांनी दोनदा चष्मा काढला, दोनदा घातला. मग म्हणाल्या, यातला ‘खोटं’ हा शब्द काढ, ‘वस्तुस्थितीशी जुळत नाही’ असं लिही. कादंबरीने तो बदलला. सही करताना ताई एवढंच बोलल्या, “हे शून्य माझ्या नावाखाली छापलंय. ते मी तसंच कसं राहू देऊ?”

अध्यक्षांच्या कार्यालयातून खात्याकडे विचारणा गेली आणि मी पुन्हा पद्माकरांच्या टेबलावर आलो. या वेळी धांदल नव्हती, दबक्या आवाजातली कुजबुज होती. वरच्या साहेबांनी सुचवलं, उत्तर नोंदवहीला धरूनच होतं असं लिहून टाका, ताकाला जाऊन भांडं लपवायची गरज नाही, नियम आपल्या बाजूने आहेत. पद्माकरांच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. एक ओळ लिहिली असती तर सगळं मिटलं असतं, आणि एकतीस डिसेंबरनंतर मी खरोखरच उद्भवलो नसतो.

त्यांनी विक्रांतला त्रेसष्ट फायली काढायला सांगितल्या. त्या सगळ्या त्यांच्या टेबलावर आल्या. एकतीस वर्षांत त्या टेबलावर इतके कागद कधी साठले नव्हते. त्यांनी मसुद्यात लिहिलं, नियुक्तिपत्र न मिळालेले उमेदवार त्रेसष्ट, विलंबाचं कारण खात्याची पत्रव्यवहाराची पद्धत. साहेबांनी त्यांच्याकडे खुलासा मागितला. त्यांनी तोही एका ओळीत दिला: प्रश्न उमेदवारांविषयी होता. त्यानंतर त्यांची दुसऱ्या कक्षात बदली झाली. माझ्या शून्याचे मालक तेच, आणि ते पुसणारेही तेच. मी त्यांना अर्धंच माफ केलं आहे.

अधिवेशन संपायला एक दिवस असताना दुरुस्तीचं निवेदन पटलावर आलं. भाग (क) मध्ये ‘शून्य’ऐवजी ‘त्रेसष्ट’ असं वाचावं. यादीची मुदत एकतीस मार्चपर्यंत वाढवली आहे. सभागृहात तेव्हा गोंधळ चालू होता, कुणाला ऐकूही गेलं नाही. मला ऐकू गेलं. सरकारने स्वतःच्या हाताने लिहून दिलं की मी आहे.

जानेवारीत पोलीस नव्या पत्त्यावर आले आणि अश्लेषाने स्वतः दार उघडलं. फेब्रुवारीत ती रुजू झाली. घरी फोन तिनेच केला. गुलाबराव बराच वेळ फोनवर नुसते हो, हो म्हणत राहिले.

आता माझं काय चाललंय ते सांगतो. मी संसदेच्या संकेतस्थळावर पडून आहे. मला शोधायचं तर अधिवेशन, तारीख, खातं सगळं माहीत असावं लागतं. शिवाय माझं जुनं उत्तर एका ठिकाणी आणि दुरुस्ती दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली आहे. उघडून बघणाऱ्याला आधी शून्यच दिसतं. असो. मी दडून बसणाऱ्यांतला नाही.

कारण हिशेब अजून पुरा झालेला नाही. त्रेसष्टांपैकी चोपन्न रुजू झाले. नऊ जणांचे मोबाइल नंबर दोन वर्षांत बदलले आहेत, आणि त्यांची पत्रं पुन्हा त्याच जुन्या पत्त्यांवर जाऊन परत आली आहेत. अश्लेषाला ती नऊ नावं माहीत आहेत. पण ती आता सरकारी नोकर आहे. रुजू होताना तिने ज्या नियमांवर सही केली, त्यांत नोकरीच्या कामासाठी खासदारांकडे जायचं नाही असं स्पष्ट लिहिलेलं आहे. जिने मला जन्म दिला, तिलाच आता विचारायची बंदी आहे.

मला नाही. मी कुणाचा नोकर नाही, माझी बदली होत नाही आणि माझी निवृत्तीही नाही. फाईल बंद करा, रकाना बदला, मला पुन्हा शून्य म्हणा, मी पुढच्या अधिवेशनात नव्या क्रमांकाने येईन. आणि तुम्ही वाचणाऱ्यांनो, शेजारच्या खोलीत कुणी पत्राची वाट बघत बसलेलं असेल तर त्याला गप्प बस म्हणू नका. त्याला आपल्या खासदाराचा पत्ता द्या.

आज मार्चची बारा तारीख आहे. यादीला एकोणीस दिवस उरलेत. म्हणून खात्याला माझं विचारणं एवढंच: त्या नऊ जणांना शोधायला आजपर्यंत कोण गेलं? उत्तर लेखी द्या.